सोडियम लॉरिल सल्फेट

सोडियम लॉरिल सल्फेट, संक्षेपाने एसएलएस, हे पाण्यात विरघळणारे व भरपूर फेस देणारे ऋणप्रभारित पृष्ठसक्रिय संयुग आहे. टूथपेस्ट, शाम्पू, भांडी घासण्याचे द्रव, फरशी व यंत्रे स्वच्छ करण्याची रसायने, औषधी गोळ्या आणि जीवरसायनाच्या प्रयोगशाळा अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या ठिकाणी ते वापरले जाते. खोबरेल तेल किंवा पाम फळाच्या बियांचे तेल यांपासून मिळणाऱ्या मेद अल्कोहोलापासून ते तयार करतात. खनिज तेलापासूनही ते बनवता येते. त्वचेचा दाह करणारा पदार्थ अशी त्याची ख्याती आहे व ती निराधार नाही. मात्र प्रत्यक्ष दाह होतो की नाही, हे त्याचे प्रमाण, संपर्काचा काळ आणि तो धुऊन टाकला जातो की त्वचेवर राहतो यांवर अवलंबून असते. त्याच्यामुळे कर्करोग होतो या समजाला मात्र वैज्ञानिक आधार नाही.

नावे

लॉरिल हा शब्द लॉरिक अम्लावरून आला आहे आणि त्या अम्लाचे नाव लॉरस या वनस्पतिप्रजातीवरून पडले आहे. या अम्लाच्या व त्यापासून मिळणाऱ्या अल्कोहोलाच्या साखळीत १२ कार्बन अणू असतात. ग्रीक भाषेत बारा या संख्येला डोडेका म्हणतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञ याच संयुगाला सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजेच एसडीएस, असे म्हणतात. व्यवहारात या दोन नावांत थोडा फरक पाळला जातो. प्रयोगशाळेतील एसडीएस हे बहुतांशी शुद्ध, १२ कार्बनी संयुग असते. उद्योगातील एसएलएस नैसर्गिक तेलापासून आलेले असल्यामुळे त्यात १० व १४ कार्बन असलेल्या साखळ्यांचेही मिश्रण आढळते.

खरा गोंधळ होतो तो सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे एसएलईएस, या भावंडामुळे. त्याच्या रेणूत मेद साखळी आणि सल्फेट गट यांच्यामध्ये इथिलीन ऑक्साइडपासून आलेले एक ते तीन दुवे बसवलेले असतात. या दुव्यांमुळे ते पाण्यात अधिक सहज विरघळते, त्वचेला तुलनेने सौम्य ठरते आणि साधे मीठ घातले की चांगले दाट होते. आजच्या बहुतेक शाम्पूंमध्ये व अंगाला लावण्याच्या द्रव साबणांमध्ये मुख्य फेसकारक म्हणून एसएलईएस असते, तर टूथपेस्टमध्ये बहुधा एसएलएस. वेष्टनावर या दोन नावांत एखाद्या अक्षराचाच फरक दिसतो; पण त्यांची निर्मिती, त्यांचे गुण आणि त्यांच्यातील संभाव्य अशुद्धी वेगळ्या आहेत. एकाविषयीचे आक्षेप दुसऱ्यावर लादले जाण्याचे प्रकार सर्रास घडतात.

रचना आणि गुणधर्म

एसएलएसच्या शुद्ध रेणूत १२ कार्बन, २५ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन, १ गंधक आणि १ सोडियम असे अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे २८८.४ आहे. शुद्ध स्वरूपात तो पांढरा किंवा फिकट पिवळसर चूर्णरूप पदार्थ असून त्याला किंचित मेदासारखा वास असतो. रेणूचे एक टोक म्हणजे लांब, तेलाशी जमणारी जलविरोधी शेपटी. दुसरे टोक म्हणजे पाण्यात आयनीभूत होणारा, जलस्नेही सल्फेट गट. एकाच रेणूत असलेल्या या दोन विरुद्ध प्रवृत्तींतून त्याचे सर्व उपयोग निघतात.

पाण्यात थोडे एसएलएस टाकले की त्याचे रेणू प्रथम पृष्ठभागावर गोळा होतात. शेपट्या हवेकडे व सल्फेट गट पाण्याकडे अशी त्यांची मांडणी होते. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण, जो २५ अंश सेल्सिअसला सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, उतरत जाऊन निम्म्याच्या आसपास येतो. पृष्ठभाग भरून गेल्यावर आणखी एसएलएस घातले, तर उरलेले रेणू पाण्याच्या आतच गोल पुंजके करतात. या पुंजक्यांना मिसेल म्हणतात. शुद्ध पाण्यात आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला हे घडण्यासाठी लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल, म्हणजे साधारण २.४ ग्रॅम एसएलएस लागते. एका मिसेलमध्ये सुमारे ६० रेणू असतात. शेपट्या आत दडलेल्या आणि सल्फेट गट बाहेर, अशा या पुंजक्याच्या पोटात तेल व मळ सामावतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

साबणाच्या तुलनेत एसएलएसचा मोठा गुण दुष्फेन पाण्यात दिसतो. साबण म्हणजे मेदाम्लाचे सोडियम किंवा पोटॅशियम लवण. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात साबण लवकर फेसाळत नाही व बादलीच्या कडेला चिकट थर जमतो, त्याचे कारण हेच. सल्फेट गटाचे कॅल्शियम लवण त्या मानाने अधिक विद्राव्य असल्याने एसएलएसचा फेस अशा पाण्यातही टिकतो. तरी दुष्फेनतेचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, असे नाही.

१२ हा कार्बनचा आकडाही योगायोगाचा नाही. साखळी फार आखूड असेल तर मळ पकडण्याची शक्ती उरत नाही. फार लांब असेल तर थंड पाण्यात संयुग विरघळतच नाही. एसएलएसचे संहत द्रावणही थंडीत गढूळ होऊन साकळते.

फेस

फेस म्हणजे द्रवाच्या पातळ पडद्यांनी वेढलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा समूह. शुद्ध पाण्याचा बुडबुडा क्षणात फुटतो, कारण पडदा एखाद्या जागी पातळ झाला की त्याला सावरणारे काही नसते. एसएलएस असलेल्या पाण्यात पडदा जिथे ताणला जातो, तिथे पृष्ठभागावरील रेणूंची दाटी कमी होऊन पृष्ठताण वाढतो. हा वाढलेला ताण शेजारचा द्रव ओढून आणतो व पडदा पुन्हा भरून निघतो. शिवाय पडद्याच्या दोन्ही बाजूंना असलेले ऋणप्रभार एकमेकांना दूर ढकलतात.

फेस आणि स्वच्छता यांचा संबंध मात्र सर्वसाधारण समजुतीइतका घट्ट नाही. मळ निघतो तो पृष्ठताण उतरल्यामुळे व मिसेलमुळे. बुडबुडे त्यात थोडीच भर घालतात. स्वयंचलित धुलाई यंत्रांसाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर बनवतात, कारण जास्त फेस कपड्यांच्या घासणीला व पाण्याच्या निचऱ्याला अडथळा आणतो. दिवाळीतील अभ्यंगस्नानाचे उटणे मुळीच फेसाळत नाही, तरी अंगाचे तेल काढते. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस त्यांतील सॅपोनिन या नैसर्गिक पृष्ठसक्रिय द्रव्यांचा असतो व तो शाम्पूच्या फेसापुढे अगदीच बेताचा असतो. फेसाचा एक उपयोग मात्र नाकारता येत नाही. तेलकट मळ फेस मोडतो, त्यामुळे केसांवर पहिल्या खेपेस कमी आणि दुसऱ्या खेपेस जास्त फेस येतो. दुसऱ्या खेपेचा भरघोस फेस हे तेल निघाल्याचे लक्षण समजता येते.

इतिहास

साबणाला पर्याय शोधण्याची निकड प्रथम जर्मनीत निर्माण झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे चरबीचा तुटवडा पडला व दगडी कोळशापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून नेकाल नावाची संयुगे बनवली गेली. ती कापड चांगली भिजवत, पण मळ काढण्यात कमी पडत. दुसरी गरज कापड उद्योगाची होती. रंगाईच्या हौदात साबणाचा साका धाग्यावर बसून रंग डागाळत असे. केम्निट्झ येथील ब्यॉमे ही कंपनी वस्त्रोद्योगासाठी रसायने पुरवत असे. तेथील रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख बेर्च यांच्या कामातून मेद अल्कोहोलांची सल्फेटे पुढे आली आणि १९३२ मध्ये फेवा हे नाजूक वस्त्रांसाठीचे प्रक्षालक बाजारात आले. मेदाम्लांपासून मेद अल्कोहोल बनवण्यासाठी उच्च दाबाखाली हायड्रोजनीकरण करण्याचे तंत्र १९२०च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले होते. त्यावाचून हे शक्य झाले नसते.

अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीचे रॉबर्ट डंकन १९३१ मध्ये जर्मनीत गेले असता त्यांच्या नजरेस हे तंत्र पडले. कंपनीने त्याचे हक्क मिळवले व १९३३ मध्ये ड्रेफ्ट हे प्रक्षालक, तर १९३४ मध्ये ड्रीन हा शाम्पू विक्रीस आणला. केसांच्या बाबतीत हा बदल विशेष महत्त्वाचा ठरला, कारण साबणाने न्हाल्यानंतर साक्याचा राखट थर केसांवर राहत असे आणि तो घालवण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर वापरावे लागे. कपड्यांच्या बाबतीत यश अपुरे होते. लोकर व रेशीम ड्रेफ्टने स्वच्छ होत. कामाचे मळकट कपडे होत नसत. ती उणीव १९४६ मध्ये आलेल्या टाइड या प्रक्षालकात फॉस्फेटे घालून भरून काढण्यात आली. पुढे कपड्यांच्या पावडरीत अल्किल बेंझीन सल्फोनेटे स्वस्त ठरली व भारतातही बहुतेक धुलाई पावडरींचा पाया तीच आहेत. मेद अल्कोहोलांच्या सल्फेटांनी टूथपेस्ट, शाम्पू व तत्सम उत्पादनांत आपली जागा राखली.

उत्पादन

एसएलएससाठी लॉरिक अम्लाने समृद्ध तेल लागते. खोबरेल आणि पाम बियांच्या तेलात मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा वाटा लॉरिक अम्लाचा असतो. शेंगदाणा, करडई, सोयाबीन या तेलांतील साखळ्या प्रामुख्याने १८ कार्बनी असल्याने ती या कामी येत नाहीत. पाम फळाच्या गरापासून निघणारे खाण्याचे पामतेलही वेगळे. त्यात लॉरिक अम्ल जवळजवळ नसते.

तेलापासून मेदाम्ल किंवा त्याचे मिथिल एस्टर वेगळे करून त्याचे हायड्रोजनीकरण करतात व लॉरिल अल्कोहोल मिळवतात. या अल्कोहोलाचा पातळ थर नळ्यांच्या आतील भिंतीवरून खाली वाहू देतात आणि त्याच वेळी कोरड्या हवेत मिसळलेला सल्फर ट्रायऑक्साइड वायू सोडतात. यातून बनणारे अम्ल अस्थिर असते. ते तसेच ठेवले तर विघटित होऊन काळपट पडते, म्हणून लगेच कॉस्टिक सोड्याने त्याचे उदासिनीकरण करतात. तयार माल सुमारे ३० टक्क्यांचे द्रावण, दाट लगदा, सुईसारखे कण किंवा पावडर अशा रूपांत विकला जातो. भारतातील उत्पादकांपैकी गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स या कंपनीचे मुख्यालय नवी मुंबईत असून तिचे कारखाने तळोजा व तारापूर येथे आहेत.

उपयोग

टूथपेस्टमध्ये एसएलएस साधारण अर्धा ते दोन टक्के असते. ते पेस्ट तोंडभर पसरवते व दातांवरील थर सैल करते. दात घासल्यावर लगेच संत्र्याचा रस कडवट लागतो, त्याचा दोष सहसा यालाच दिला जातो. जिभेवरील गोड चवीची संवेदना ते तात्पुरती दाबते व कडू चवीला आवर घालणारी मेदद्रव्ये हटवते, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

औषधनिर्मितीत गोळ्यांमधील घटक लवकर भिजावेत म्हणून त्याचा अल्प प्रमाणात वापर होतो. अमेरिकेत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची सुकी भुकटी घुसळताना फुगावी यासाठी दहा लाख भागांत १,००० भागांपर्यंत ते मिसळण्यास परवानगी आहे. रक्तातील हिमोग्लोबिन मोजण्याच्या काही यंत्रांत पूर्वीच्या विषारी सायनाइडयुक्त अभिकारकाऐवजी आता एसएलएस वापरतात.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र हे संयुग भेटते ते प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये. प्रथिनाची घडी उलगडून एसडीएसचे रेणू त्याच्या साखळीला जागोजाग चिकटतात. १ ग्रॅम प्रथिनाला साधारण १.४ ग्रॅम एसडीएस, म्हणजे ढोबळमानाने दर दोन अमिनो अम्लांमागे एक रेणू, असे हे प्रमाण असते. त्यामुळे प्रथिनाचा स्वतःचा आकार व प्रभार झाकला जातो. सगळी प्रथिने ऋणप्रभारित दोऱ्यांसारखी वागू लागतात आणि पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलमधून केवळ आकारमानानुसार पुढेमागे सरकतात. या पद्धतीचे आज रूढ असलेले रूप उलरिख लेमली यांनी १९७० मध्ये नेचर या नियतकालिकात मांडले. विज्ञानातील सर्वाधिक उद्धृत शोधनिबंधांत त्याची गणना होते. टूथपेस्टमधील फेसकारक द्रव्याने प्रथिनविज्ञानाचे मोजमाप शक्य करावे, हे रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक गमतीचे वळण आहे.

एक उपयोग प्रयोगापुरताच राहिला. तांबड्या समुद्रातील एका चपट्या माशाचा स्राव शार्कला दूर ठेवतो, हे आढळल्यावर तसाच परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा शोध घेण्यात आला व एसडीएस परिणामकारक ठरले. पण ते शार्कच्या तोंडात थेट फवारावे लागते. पोहणाऱ्याभोवती पाण्यात पसरून ठेवण्यासाठी लागणारे प्रमाण अव्यवहार्य असते.

त्वचेवरील परिणाम

जो गुण प्रथिनाची घडी उलगडतो, तोच त्वचेवर दाह घडवतो. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या शृंगस्तरात केराटिन हे प्रथिन व त्याला सांधणारी मेदद्रव्ये असतात. एसएलएस दोन्हींना धक्का लावते. त्यातून त्वचेतील पाणी उडून जाण्याचे प्रमाण वाढते, कोरडेपणा येतो, लाली येते. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की त्वचारोगशास्त्रात दाहाचा अभ्यास करण्यासाठी एसएलएस हेच नमुना दाहकारक म्हणून वापरले जाते. त्यासाठी अर्धा टक्का किंवा त्याहून काहीशा अधिक संहतीचे द्रावण पट्टीखाली झाकून बहुधा २४ तास त्वचेवर ठेवतात.

या प्रयोगांचे आकडे शाम्पूविरुद्धचा पुरावा म्हणून दिले जातात, तेव्हा संदर्भ निसटतो. पट्टीखाली दिवसभर झाकलेले द्रावण आणि डोक्यावर दोन मिनिटे राहून पाण्याने वाहून जाणारा फेस यांची तुलना होऊ शकत नाही. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन घटकांचे परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९८३ मध्ये हाच भेद पायाभूत मानला. थोडा वेळ वापरून नीट धुऊन टाकण्याच्या उत्पादनांत एसएलएस सुरक्षित आहे. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत मात्र त्याचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त नसावे, असा तो निष्कर्ष होता.

एक टक्काही नेहमी निर्धोक नसतो, हे पुढे ब्रिटनमध्ये दिसून आले. ब्रिटिश औषधसंहितेतील ॲक्विअस क्रीम हे मलम अनेक वर्षे इसबाच्या रुग्णांना, मुलांनासुद्धा, त्वचा मऊ राखण्यासाठी दिले जात असे. त्यात सुमारे एक टक्का एसएलएस असते. बाथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या हातांवर चार आठवडे हे मलम लावले; शृंगस्तराची जाडी दहा टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांना आढळले. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये या मलमाने विशेषतः इसब असलेल्या मुलांत आग, चुरचुर व लाली येऊ शकते, अशी सूचना दिली. ज्यांची त्वचा आधीच दुर्बल होती त्यांच्याच अंगावर हे द्रव्य औषध म्हणून राहू दिले जात होते, आणि त्याविषयीची चर्चा शाम्पूविषयीच्या चर्चेपेक्षा कितीतरी कमी झाली.

तोंडातील वारंवार येणाऱ्या फोडांशीही एसएलएसचा संबंध तपासला गेला आहे. नॉर्वेत १९९४ मध्ये दहा रुग्णांवर केलेल्या प्राथमिक अभ्यासात एसएलएसविरहित टूथपेस्ट वापरताना फोड कमी आले. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. असे फोड वरचेवर येणाऱ्या व्यक्तीने एसएलएस नसलेली टूथपेस्ट काही काळ वापरून पाहणे हा सोपा व निरुपद्रवी उपाय आहे. संहत द्रावण डोळ्यांना इजा करते व सुकी पावडर श्वासातून गेल्यास नाक व घसा चुरचुरतो. त्यामुळे कारखान्यांत ती हाताळताना चष्मा व मुखपट्टी वापरावी लागते. एसएलएसमुळे ॲलर्जी होण्याचे प्रमाण अत्यल्प आहे. त्याचा दाह हा ॲलर्जीचा प्रकार नव्हे.

कर्करोगाविषयीचा समज

एसएलएस कर्करोगकारक असल्याचा मजकूर १९९८ च्या सुमारास साखळी ईमेलद्वारे जगभर फिरला व आजही संदेशांतून फिरत असतो. यंत्रांवरील ओशट मळ काढणाऱ्या रसायनांत हेच द्रव्य असते, हा त्यातील एक युक्तिवाद असतो. विधान खरे असले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तेल सुटण्याची क्रिया केसांवर व यंत्रावर सारखीच असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्करोगकारकांच्या याद्यांत एसएलएसचा समावेश नाही व अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेही या अफवेचे खंडन केले आहे.

अफवेला टिकाव मिळाला तो बहुधा १,४-डायऑक्सेनमुळे. मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात त्याची नोंद आहे. पण ते इथिलीन ऑक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेत उपउत्पादन म्हणून तयार होते, म्हणजे एसएलईएसच्या निर्मितीत, एसएलएसच्या नव्हे. निर्वातात वाफेच्या साहाय्याने ते बरेचसे काढून टाकता येते. न्यूयॉर्क राज्याने कायदा करून घरगुती स्वच्छतेच्या व अंगाला लावून धुण्याच्या उत्पादनांतील त्याची मर्यादा २०२३ च्या अखेरीस दहा लाख भागांत एक भागावर आणली. सौंदर्यप्रसाधनांसाठी ती दहा भाग आहे.

सल्फेटमुक्त असा शिक्का असलेली उत्पादने याच चर्चेतून वाढली. त्यांत सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटाइन, डेसिल ग्लुकोसाइड यांसारखी सौम्य द्रव्ये असू शकतात. पण ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नसले तरी तेल काढण्यात व त्वचा कोरडी करण्यात फारसे मागे नसते, आणि तेही सल्फेटमुक्त म्हणवणाऱ्या बाटलीत आढळते.

पर्यावरण

एसएलएसची सरळ साखळी जिवाणूंना सहज पचते. प्रथम सल्फेट गट तुटतो, उरलेल्या अल्कोहोलाचे मेदाम्ल होते व ते नेहमीच्या चयापचयात खर्ची पडते. याउलट १९५० च्या दशकातील धुलाई पावडरींत शाखायुक्त साखळ्यांची अल्किल बेंझीन सल्फोनेटे असत. ती न कुजल्यामुळे युरोप व अमेरिकेतील नद्यांवर आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांत फेसाचे ढीग साचू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा करून त्यांना आवर घातला व अमेरिकेतील उद्योग १९६५ पर्यंत सरळ साखळीकडे वळला.

सहज कुजणे हा गुण सांडपाणी शुद्ध होत असेल तरच उपयोगी पडतो. शुद्ध न केलेले सांडपाणी सतत नदीत येत राहिले, तर पृष्ठसक्रिय द्रव्य कुजण्यापूर्वीच पुढचे येऊन मिळते. शिवाय लिटरमागे काही मिलिग्रॅम इतके प्रमाणही माशांना घातक ठरू शकते. आळंदी येथे इंद्रायणीवर आणि दिल्लीत यमुनेवर पांढऱ्या फेसाचे थर अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसले आहेत. असा फेस एखाद्याच रसायनाचा नसतो. घरगुती व औद्योगिक सांडपाण्यातील प्रक्षालके, फॉस्फेटे आणि कुजणारे सेंद्रिय द्रव्य यांचा तो एकत्रित परिणाम असतो व बंधाऱ्यावरून पडणारे पाणी त्यात हवा मिसळते.

कच्च्या मालाचा प्रश्न वेगळा आहे. पाम बियांचे तेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून येते आणि तेथील पाम लागवडीसाठी वर्षावने तोडली गेली आहेत. वनस्पतिजन्य असा उल्लेख असलेल्या फेसकारकाचा उगम बहुधा याच तेलात असतो.